बाकड्याचा प्रश्न

गावात आपल्या माणसाला "या, बसा" असं कोण म्हणतं?

मित्रांनो, प्रश्न साधा दिसतो, पण सभेत तो कोणी विचारत नाही. उत्तर द्यायची लाज वाटते. घाटाखालच्या कुठल्याही गावात दिवेलागणीला जाऊन उभं राहा आणि डोळ्यांनी बघा. मोठ्या ओट्यावर आपला माणूस पायरीपाशी टेकलेला. सोसायटीत खिडकीच्या बाहेर. कोणाच्या मळ्यात मजुरीचे पैसे मागायला गेला तर बांधावर. हॉटेलात चहा मिळतो, पण तो चटकन पिऊन निघायचं असतं, हे त्याला कोणी न सांगता कळतं. देवळाची तर आपल्याला गरजच उरली नाही. आणि मग गावाबाहेर, रोडच्या कडेला, देशी दारूची भट्टी. तिथं मालक गल्ल्यावरून आवाज देतो, "या काका, बसा. अरे पोरा, काकाले गिलास दे. पानी थंडं आन."

दिवसभरात एवढंच एक "या काका".

आपले कार्यकर्ते दारूवर बोलतात तेव्हा काय बोलतात? काळीज कसं सडतं, बायकोची पोत कशी जाते, पोरांची फी कशी बुडते. सगळं खरं आहे. १९५६ साली नागपूरला बाबासाहेबांनी ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या त्यांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे, पंचशीलात पाचवं शील तेच आहे. आपण ते उभं राहून, हात जोडून म्हणतो. पण माणूस भट्टीवर जातो तो नुसती दारू प्यायला जातो, हे आपण धरूनच चालतो. मला ते खोटं वाटतं.

मी जिनात काम करतो. सीझनला रुईची धूळ नाकात, छातीत, भाकरीत. १७० किलोची गाठ दिवसभर लोटणारा माणूस संध्याकाळी कसा होतो ते मला पुस्तकातून शिकावं लागलं नाही. आमच्यातल्या एका जुन्या हमालाला मी सरळ विचारलं, "काका, प्यायचीच असंन तर घरी घेऊन जा ना. तिथं कायले बसता?" तो माझ्याकडं असा बघत राहिला की जणू मी लहान पोर आहे. म्हणाला, "घरी गिलास हाये रे. पन 'बस' म्हननारा कोन हाये? तिथं मले बस म्हनते. दिवसभर कोनी म्हनलं नाही."

आता याला काय उत्तर द्याल? प्रतिज्ञा क्रमांक सांगाल?

आपल्यातलेच काही शिकलेले मित्र इथं पुढं येऊन म्हणतात की बघा, भट्टीवर जात नसते. देशमुख, कुणबी, माळी, मांग, बौद्ध, सगळे एका बाकड्यावर, एकच चखना, एकच गिलास. गावात झालेली ही एकच क्रांती, असं ते हसत हसत म्हणतात. अर्धं हसतात, अर्धं खरं मानतात. या अर्ध्या खऱ्याचीच मला भीती वाटते.

कारण त्या आदराला दोन कसोट्या आहेत आणि दोन्हींत तो फुटतो. पहिली उधारीची. वहीतला आकडा फुगला की "काका"चं नाव होतं, नावाचं अर्धं नाव होतं, आणि अजून फुगला की जातीवर येतं. दुसरी कसोटी सकाळची. रात्री खांद्यावर हात टाकून रडलेला माणूस सकाळी हॉटेलासमोर दिसला तर ओळख देतो का बघा. मान हलवतो, ती पण आजूबाजूला बघून. म्हणजे ज्या तासाला दोघंही शुद्धीवर नव्हते त्या तासापुरतीच समता होती. शुद्धीवर आल्यावर जी टिकत नाही तिला समता का म्हणायचं? तिला उतारा म्हणा.

पण थांबा, भट्टीवाल्याला नुसता शिव्या देऊन हा प्रश्न सुटत नाही. तो दुकानदार आहे. गिऱ्हाइकाशी गोड बोलणं हा त्याचा धंदा. चहावाल्याचाही धंदा तोच आहे, त्यालाही पैसे हवेत. मग तिथं का नाही? खरी गोम इथं आहे. आपल्याला लहानपणापासून सांगतात की पैशाला जात नसते. शिका, कमवा, खिसा भरा, जग आपोआप "साहेब" म्हणेल. बडोद्याला बाबासाहेबांच्या खिशात पैसे होते. परदेशात शिकून आलेले, संस्थानात नोकरीला लागलेले, पारशी धर्मशाळेत दिवसाला दीड रुपया मोजून राहणारे. अकराव्या दिवशी डझनभर लोक काठ्या घेऊन जिन्यावर आले. भाडं बुडालं म्हणून नाही, माणूस कळला म्हणून.

म्हणजे पैशाला जात नसेलही, पण पैसे धरणाऱ्या हाताला असते, आणि दुकानदार हात बघतो.

अमेरिकेतही असंच. ग्रीन्सबरोला वूलवर्थच्या दुकानात काळ्या माणसाला टूथपेस्ट विकत मिळायची. पैसे घ्यायला हरकत नव्हती. पण त्याच दुकानातल्या खाण्याच्या काउंटरवर स्टूल ओढून बसला तर कॉफी मिळायची नाही. १ फेब्रुवारी १९६० ला चार विद्यार्थी तिथं बसले आणि उठले नाहीत. दुसऱ्या दिवशी आणखी आले. जुलैत त्या दुकानाला काउंटर उघडावा लागला. ज्यांच्या लढ्यातून पुढं आलेलं नाव आपल्या आधीच्या पिढीनं १९७२ साली पँथर म्हणून उचललं, त्यांचं भांडण कॉफीच्या चवीवरून नव्हतं. बसण्यावरून होतं. माल उभ्या उभ्या घेऊन जा, बसू नको. हे वाक्य आपल्याकडं कोणी बोलत नाही, पण आपण ते रोज ऐकतो.

घटना समितीत २९ नोव्हेंबर १९४८ ला याच गोष्टीवर चर्चा झाली होती. दुकान या शब्दात न्हाव्याचं, धोब्याचं दुकान येतं का, असा प्रश्न निघाला. बाबासाहेबांनी दुकानाचा अर्थ मोठा करून सांगितला. सेवा मागायला जो येईल त्याला सेवा द्यायला जिथला मालक तयार असतो ते दुकान, असा त्याचा मथितार्थ. मला ही व्याख्या फार खोल वाटते. दुकान म्हणजे चार भिंती नव्हेत, फळी नव्हे, तराजू नव्हे. तयारी म्हणजे दुकान. दार उघडून बसलास म्हणजे तू सगळ्यांना शब्द दिलास. माणूस बघून दार लोटायचं असेल तर ते तुझं घर झालं, मग गल्ला कशाला ठेवलास?

कलम १५ मध्ये दुकानं, उपाहारगृहं, हॉटेलं आली ती अशी. १९५५ च्या कायद्यात, ज्याला १९७६ पासून नागरी हक्क संरक्षण कायदा म्हणतात, त्यात तर हॉटेलातली सर्वांसाठी ठेवलेली भांडी वापरू न देणं हा गुन्हा ठरवला. म्हणजे कप. कपबशी. ज्यांच्या आज्यांनी करवंटीत चहा प्यायला, ज्यांच्या बापांनी कोनाड्यातली कान तुटलेली कपबशी स्वतः विसळून परत कोनाड्यात ठेवली, त्यांच्यासाठी हे केवढं मोठं आहे ते शहरातल्या वकिलाला समजायचं नाही.

पण गाव हुशार आहे राजा. आता कागदी कप आला. नेहमीच्या ठरावीक लोकांना चिनी मातीची कपबशी, बाकीच्यांना कागदी. विचाराल तर म्हणेल, स्वच्छता! गर्दी! कोणाला कागदी, कोणाला चिनी, हे कोण लिहून ठेवणार? कोनाड्यातली कपबशी पंचनाम्यात दाखवता यायची. कागदी कप चुरगाळला की भेदाचा पुरावाच कचऱ्यात गेला.

तर कायदा कप मिळवून देतो, आणि तो आपण भांडून घेतलाच पाहिजे. तिथं विनंती नको, आभार नको, पैसे टाकले की तो हक्क झाला. पण "या, बसा" हे कायद्यानं म्हणून घेता येत नाही. कोर्ट म्हणायला लावील तर त्या शब्दात जीव राहणार नाही. काहीजण म्हणतील, नकोच आम्हाला त्यांचं "या, बसा". बरोबर आहे, मलाही ते भीक म्हणून नको. तरी माणूस हक्कावर पोट भरतो आणि आगत्यावर जगतो. त्या हमालाला आगत्याची भूक आहे, आणि त्या भुकेवर आज धंदा एकटा भट्टीवाला करतो.

शेगावला लाखो लोक जातात. तिथले सेवेकरी येईल त्याला "माउली" म्हणतात, हे मी ऐकलं आहे आणि ते वाईट आहे असं मी म्हणणार नाही. पण ते आगत्य देवाच्या खात्यावर मांडलेलं असतं. एस. टी. गावच्या फाट्यावर उतरवते आणि माउली परत पायरीपाशी.

मला जवळची वाटते ती कोल्हापूरची गोष्ट. दरबारात चाकरीला असलेल्या गंगाराम कांबळेंना पाण्याला शिवले म्हणून मार बसला. शाहू महाराजांनी त्यांना मदत करून चहाचं हॉटेल काढून दिलं, सत्यसुधारक हॉटेल. आणि नुसतं काढून देऊन थांबले नाहीत. स्वतः गाडी थांबवून तिथं चहा घ्यायचे, सोबतच्या मंडळींनाही घ्यावा लागायचा. इथं पारडं उलटं झालं. आपला माणूस यजमान, राजा पाहुणा. "बस" म्हणायचा अधिकार आपल्याकडं आला. ज्याला नेहमी घ्यायचंच असतं तो लाचार राहतो. ज्याच्याकडं कोणाला तरी बसवायला बाकडं आहे, तो ताठ होतो.

आता आपल्याकडं शाहू नाही, गिऱ्हाईक ओढून आणायला. आपण रोडवर टपरी टाकली तर दुसऱ्या आळीचे लोक येतील का, दूध कोण घालेल, जागा कोणाच्या नावावर, हे सगळं खरं आहे. तरी वर्ध्यात १९७४ पासून दारूबंदी आहे, चंद्रपुरात २०१५ ला केली आणि २०२१ ला उठवली. आपल्या बायकांनी मतदानात आडवी बाटली निवडून आणली तर गावातली भट्टी बंद करता येते, आणि करावी. मी त्यांच्याच बाजूनं उभा राहीन. पण ज्या संध्याकाळी भट्टीला कुलूप लागेल त्या संध्याकाळी तो हमाल कुठं बसेल, हे कोणी ठरवलंय?

विहारात, म्हणाल. एका गावात पोरांनी विहारासमोर बाकडं टाकलं, चहाची किटली ठेवली. चांगलं केलं. पहिले चार दिवस म्हातारे आले, मग येईनात. त्यातल्या एकाला कारण विचारलं तर म्हणाला, "तुमी बसू देता, बावा, पन बुड टेकलं नाही की दारू कशी वाईट ते सांगता. तो भट्टीवाला आधी विचारते, पाय दुखते का म्हनून."

ते बाकडं अजून तिथं आहे. किटलीही आहे. पुढच्या बैठकीत भाषणांची यादी करण्याआधी तिथं रोज संध्याकाळी कोण बसणार, एवढं ठरवू.