नकाराचं कारण

डॅलसच्या उपनगरात घर घेतलं की बहुतेकदा एचओए, म्हणजे घरमालकांची संघटना, सोबत येतेच. दाराचा रंग बदलायचा, मागे डेक बांधायचा, कुंपणाची उंची वाढवायची, तर आधी आर्किटेक्चरल कमिटीकडे अर्ज करायचा. या कमिटीत बसतात ते बरेचदा चार घरं सोडून राहणारे शेजारीच, तेही बिनपगारी. नोकरीवरून दमून आल्यावर दुसऱ्याच्या छपराचे नमुने बघत बसायचं काम सहसा कोणी हौसेनं मागून घेत नाही. (मागून घेणाऱ्यापासून जरा जपूनच राहावं.)

टेक्सासनं २०२१ मध्ये कायदा केला. ४० हून अधिक प्लॉटच्या वसाहतीत एचओएच्या बोर्डाचे सदस्य, त्यांचे जोडीदार किंवा त्यांच्या घरात राहणाऱ्या कोणालाही या कमिटीत बसता येणार नाही, असं त्यात ठरलं. म्हणजे तुमच्याआमच्यासारखेच हवेत. त्याच कायद्यानं नकार लेखी देणं बंधनकारक केलं: कारण काय, कोणता बदल केला तर मंजुरी मिळेल, आणि ३० दिवसांत सुनावणी मागता येईल, हे सगळं त्यात लिहायचं.

यातली कारण लिहिण्याची अट मला सर्वांत मोलाची वाटते. ‘हा पिवळा रंग भडक आहे’ असं मनाशी म्हणायला काही लागत नाही. तेच कागदावर उतरवून, रोज सकाळी कुत्रा फिरवताना भेटणाऱ्या माणसाला पाठवायचं म्हटलं की हात अडतो. नियम कुठे संपतो आणि आपली आवडनिवड कुठे सुरू होते, ते तेव्हा कळतं.

नियमही तपासून घ्यावे लागतात. टेक्सासच्या २०११ च्या कायद्यानं दारावर धार्मिक चिन्हं लावायची मुभा दिली, पण सगळी मिळून २५ चौरस इंचांपर्यंतच. म्हणजे पाच इंच बाय पाच इंच! ज्यूंचा चौकटीवरचा छोटा मेझुझा त्यात बसायचा, दसऱ्याचं तोरण कसं बसणार? २०२१ च्याच आणखी एका कायद्यानं ही मापाची अट काढली. ती दहा वर्षं टिकली, कारण नियम करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर तोरण नव्हतंच.

गणपतीच्या मांडवात एचओएला नावं ठेवणारे आपल्यात पुष्कळ भेटतात, कमिटीसाठी नाव देणारे फार थोडे. जागा रिकामी झाल्याची सूचना आली तर नाव द्या, आणि त्याआधी आपल्या वसाहतीची नियमावली एकदा पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचा.