मार्थेची तक्रार



१५७९ साली येशूसंघीय धर्मगुरूंनी बांधलेल्या संत योहान बाप्तिस्ता चर्चचे भग्नावशेष अंधेरीच्या सीप्झमध्ये आहेत. चहूबाजूंनी कारखाने आणि कचेऱ्या, मधोमध देवाचे घर! आपले मात्र उलट होते. रविवारी मिस्सात आपण एकमेकांना शांती देतो आणि सोमवारी कामावर जाताना प्रभूला चर्चमध्येच ठेवून जातो.

कामावर साहेब चारचौघांत बोलतो. राबतो आपण, बढती दुसऱ्याला मिळते. नोकरी टिकवायची म्हणून आपण गप्प बसतो. पण गिळलेला राग पचत नाही. लोकल बोरिवलीची असो की मुलुंडची, तो आपल्याबरोबर घरी येतो आणि गृहपाठ चुकलेल्या लेकरावर निघतो. अपराध एकाचा, शिक्षा भलत्यालाच!

संत लूकच्या शुभवर्तमानातील मार्था आठवू या (लूक १०). पाहुणचाराचे सारे काम तिच्या एकटीवर पडले होते आणि बहीण मरिया प्रभूच्या चरणांशी बसली होती. मनात कुढत न बसता मार्थेने आपली तक्रार सरळ प्रभूपुढे मांडली. प्रभूने तिच्या कामाला नावे ठेवली नाहीत. तिचे मन किती काळज्यांनी गांजले आहे, ते तिला दाखवून दिले. पुढे योहानच्या शुभवर्तमानात (योहान १२) मार्था पुन्हा सेवा करताना दिसते. काम तेच, पण आता तक्रारीचा एक शब्दही नाही.

कामावरून निघताना आपणही क्षणभर थांबू या. आपल्या मनात राग आहे, अपमान आहे, हेवा आहे की भीती, ते प्रभूला स्पष्ट सांगू या. अन्याय झाला असेल तर संबंधित व्यक्तीशी शांतपणे बोलू या. मुकाट्याने सोसणे म्हणजे नम्रता नव्हे. सूर्यास्तापूर्वी राग सोडावा, असे संत पौल इफिसकरांना सांगतो. आपला सूर्य तर गाडीतच मावळतो! निदान घराचा उंबरठा ओलांडण्यापूर्वी तरी राग सोडू या.

उदासी हटतच नसेल तर धर्मगुरूंशी, डॉक्टरांशी बोलावे. शासनाच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे. मदत मागितल्याने आपली श्रद्धा उणी ठरत नाही.

प्रभू आपल्या हातांच्या श्रमांना आशीर्वाद देवो आणि आपल्या मनांना शांती देवो. आमेन.