वाचायला सांगणाऱ्याची जबाबदारी

विनोबांच्या आईला, रुक्मिणीबाईंना, गीता वाचायची होती; संस्कृत येत नव्हतं. मुलानं वामन पंडितांची पद्यातली मराठी गीता आणून दिली. थोड्याच दिवसांत आईनं सांगितलं, ही फार अवघड आहे. याहून सोपी मिळत नाही म्हटल्यावर ती म्हणाली, मग तूच का नाही लिहीत? १९१८ मध्ये ती गेली. विनोबांनी वर्ध्यात ‘गीताई’ लिहायला घेतली ती १९३० च्या ऑक्टोबरात. मध्ये बारा वर्षं गेली, तरी आईची तक्रार त्यांच्या मनातून गेली नव्हती.

वर्ध्याच्या गोपुरीत दगडांवर कोरलेली गीताई वाचत फिरताना मला या तक्रारीचंच मोल अधिक वाटतं. आपण कुणाला पुस्तक सुचवतो आणि त्याला ते झेपलं नाही, की ‘त्याला वाचनाची गोडीच नाही’ म्हणून मोकळे होतो. विनोबांनी दोष आईला दिला नाही. तिच्यासाठी योग्य पुस्तक अजून झालेलं नाही, एवढंच त्यांनी मानलं.

सुचवणाऱ्याला समोरचा माणूस ठाऊक असावा लागतो. १९०४ मध्ये जोहान्सबर्गच्या स्टेशनवर हेन्री पोलाक यांनी गांधीजींच्या हाती रस्किनचं ‘अन टू धिस लास्ट’ दिलं, ते हे तुम्हाला आवडेल अशा खात्रीनं. दोघांची मैत्री होती, शाकाहारी खाणावळीतली ओळख होती. गांधीजींना त्या रात्री गाडीत झोप आली नाही. त्यातून फिनिक्स आश्रम उभा राहिला, १९०८ मध्ये त्याच पुस्तकाचं गुजराती सार ‘सर्वोदय’ नावानं आलं, आणि पुढे सेवाग्रामात त्या विचारावर माणसांनी आयुष्यं वेचली. पोलाकांनी पुस्तकांची यादी शंभर जणांना पाठवली नव्हती. एका माणसाला एक पुस्तक दिलं होतं.

आता ‘अवश्य वाचा’ अशा याद्या फोनवर रोज येतात. पाठवणाऱ्यानं त्यातली किती वाचलीत, हे विचारायला संकोच वाटतो; पण विचारायला हवं. स्वतः न वाचलेलं पुस्तक दुसऱ्याला वाचायला सांगणं मला खोटी साक्ष देण्यासारखं वाटतं. आपल्या शब्दावर तो माणूस पैसे खर्च करतो, रात्री जागतो.

म्हणून अलीकडे मनात राहिलेलं, ज्याच्या त्याच्यासाठी सांगते. आपली वऱ्हाडी बोली पुस्तकात शोभत नाही असं ज्या मुलामुलींना कुणीतरी शिकवलंय, त्यांनी उद्धव शेळके यांची ‘धग’ वाचावी. १९६० ची कादंबरी. त्यातली कौतिक दारिद्र्याशी झुंजते, नवऱ्याची साथ नाही, आणि तिचं बोलणं आपल्या मावशी-काकूंच्या तोंडचं आहे. मात्र आजारपणातून नुकतं उठलेल्या माणसाला मी ती देणार नाही, फार जाळते.

अशा माणसाला मी कुमार गंधर्वांची निर्गुणी भजनं ऐकवीन. क्षयानं त्यांना काही वर्षं देवासला अंथरुणावर ठेवलं, गाणं बंद होतं. त्या काळात माळव्यातली लोकगीतं त्यांच्या कानावर पडत राहिली, आणि पुन्हा गायला लागले तेव्हा ती त्यांच्या गाण्यात उतरली. पहिल्यांदा ऐकताना सूर एकदम कापल्यासारखे वाटतात, दचकायला होतं. म्हणून नुसतं ‘ऐक’ म्हणून निघून जाऊ नये. सोबत बसावं, एकच भजन लावावं, मध्ये समजावत बसू नये.

नंतर कसं वाटलं ते विचारावं, आणि ‘नाही आवडलं’ हे उत्तर रुसवा न धरता ऐकून घ्यावं. का नाही, हेही विचारावं. रुक्मिणीबाईंना अवघड काय वाटलं, ते मुलानं ऐकून घेतलं होतं.