दिव्याचे तेल कोणी भरायचे?



संत मत्तयच्या शुभवर्तमानातील दहा कुमारिकांचा दाखला आपण अनेकदा ऐकला आहे. दहाही जणींजवळ दिवे होते, दहाही जणी वराची वाट पाहत होत्या आणि दहाही जणींना झोप लागली. मग फरक कुठे पडला? पाच जणींनी तेलाची तजवीज आधीच करून ठेवली होती. उजेड सर्वांनाच हवा होता. त्यासाठी वेळेवर खर्च करण्याची तयारी मात्र पाच जणींचीच होती.

संत थॉमस अक्विनस यांनी इच्छेचे दोन प्रकार मानले आहेत. 'झाले तर बरे' ही अपुरी इच्छा. 'हे मी करणारच' हा खरा संकल्प. ज्याला साध्य हवे आहे, त्याने साधनही स्वीकारले पाहिजे. अर्थशास्त्राच्या अभ्यासकांनाही हाच अनुभव येतो. सौरदिव्यासाठी किंवा गोबरगॅससाठी तुम्ही किती पैसे द्याल, असे घरोघरी विचारले की लोक मोठा आकडा सांगतात. प्रत्यक्ष खिशात हात घालायची वेळ आली की आकडा लहान होतो. हे खोटे बोलणे नव्हे. इच्छा आणि संकल्प यांच्यामधले ते अंतर आहे.

हा विषय आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीत का काढावा? कारण उजेडाची किंमत आपल्याइतकी जवळून फार थोड्यांनी पाहिली आहे. चंद्रपूरचे महाऔष्णिक वीज केंद्र २,९२० मेगावॅट क्षमतेचे आहे. दुर्गापूर, घुग्घुस, बल्लारपूरच्या खाणींतून कोळसा निघतो आणि वीज दूरच्या शहरांपर्यंत जाते. धूळ आणि राख मात्र इथेच राहते. २००९ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने चंद्रपूरची गणना देशातील अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांत केली. आणि पलीकडे भामरागडसारख्या भागात पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की रस्ता बंद होतो; तारा तुटल्या तर दुरुस्तीला माणूस पोहोचणेही कठीण. म्हणजे वीजबिलावरचा आकडा ही उजेडाची पूर्ण किंमत नव्हे. उरलेली किंमत कोणाच्या तरी फुप्फुसातून वसूल होत असते. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ सालच्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात पृथ्वीचा आक्रोश आणि गरिबांचा आक्रोश एकत्र ऐकायला सांगितले, ते यासाठीच.

आता हिशेब पाहू. संत लूकच्या शुभवर्तमानात प्रभू येशू बुरूज बांधणाऱ्याला आधी बसून खर्च मोजायला सांगतो. तेव्हा हिशेब करणे म्हणजे श्रद्धा कमी असणे नव्हे. छतावरचा एक किलोवॅटचा सौर संच महिन्याला साधारण १०० ते १२० युनिट वीज देतो आणि पॅनेल सुमारे पंचवीस वर्षे टिकतात. २०२४ साली सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेत एक किलोवॅटला ३०,०००, दोन किलोवॅटला ६०,००० आणि तीन किलोवॅट व त्यापुढे ७८,००० रुपये अनुदान ठरले. २०२५ साली राज्य शासनाने त्यात भर घातली. दारिद्र्यरेषेखालील ग्राहकाला एक किलोवॅटसाठी राज्याचे १७,५०० रुपये जाहीर झाले, म्हणजे सुमारे ५०,००० रुपयांच्या संचात त्याचा वाटा २,५०० च्या आसपास येतो.

तरीही अनेक घरांत उत्तर 'नाही' असेच येते. या 'नाही'ला आपण लगेच अज्ञान म्हणू नये. ज्याच्या घरावर कवेलूचे छप्पर आहे, त्याने जड पॅनेल कुठे बसवावे? ज्याच्या हाती पैसा येतो तो मे महिन्यात तेंदूपत्त्याचा आणि दिवाळीनंतर धानाचा, त्याने दरमहा हप्ता कसा भरावा? आणि ज्या गावात खांबावरचा सौरदिवा बॅटरी संपल्यापासून बंद आहे, त्या गावाने नव्या यंत्रावर विश्वास का ठेवावा? पैसे देण्याची तयारी खिशातून येते तशी विश्वासातूनही येते. बिघडल्यावर कोण येणार, या प्रश्नाला उत्तर नसेल तर सावध माणूस पैसे काढत नाही, आणि त्यात त्याचे काही चुकत नाही.

पण एका 'नाही'कडे आपण डोळे उघडून पाहिले पाहिजे. चूल बाई पेटवते. पैसे पुरुषाच्या हातात असतात. धुराने डोळे एकीचे चुरचुरतात आणि खर्चाचा निर्णय दुसरा घेतो. २०१६ पासून उज्ज्वला योजनेतून अनेक घरांत सिलिंडर आले. तरी पुन्हा भरायला पैसे नाहीत म्हणून सरपणाची मोळी सुटलेली नाही. ती मोळी आणायला जंगलात कोण जाते? आपल्या जिल्ह्यात जंगलात जाणे म्हणजे काय, हे सांगायला नको. १० मे २०२५ रोजी सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन स्त्रियांचा एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात मृत्यू झाला. पोटासाठी जंगलात जावेच लागते. पण चुलीसाठीची फेरी कमी करणे काही घरांच्या तरी हातात आहे. एक घनमीटरच्या लहान गोबरगॅस संयंत्राला रोज सुमारे २५ किलो शेण लागते, म्हणजे गोठ्यात बांधलेली दोन-तीन जनावरे. ज्या घरी तेवढे आहे आणि मोटारसायकलचा हप्ताही भरला जातो, त्या घराने स्वतःला विचारावे : आपल्याला परवडत नाही, की ज्याचा त्रास आपल्याला होत नाही त्यासाठी पैसे काढवत नाहीत? घराची इच्छा म्हणजे फक्त कर्त्या पुरुषाची इच्छा नव्हे.

राजांच्या दुसऱ्या ग्रंथात कर्जात बुडालेल्या विधवेची कथा आहे. अलीशा संदेष्ट्याने तिला प्रथम विचारले, तुझ्या घरात काय आहे? एक लहानशी तेलाची कुपी होती. मग त्याने तिला शेजाऱ्यांकडून रिकामी भांडी मागून आणायला लावली. चमत्कार देवाचा, पण कुपी घरची आणि भांडी शेजाऱ्यांची! आपला मार्गही हाच आहे. जे एका घराला झेपत नाही ते बचत गटाला झेपू शकते. दरमहा थोडी रक्कम दुरुस्तीसाठी वेगळी ठेवली आणि आय.टी.आय. शिकलेल्या एखाद्या मुलाला हे काम शिकवले, तर 'बिघडल्यावर कोण?' या प्रश्नाला गावातच उत्तर मिळेल.

म्हणून या आठवड्यात प्रत्येक कुटुंबाने तीन गोष्टी कराव्यात. सायंप्रार्थनेनंतर पती-पत्नींनी एकत्र बसून वीज, गॅस आणि सरपण यांवर पैसा, वेळ व कष्ट किती जातात ते कागदावर लिहावे. हा निर्णय घेताना चुलीपुढे बसणारीचा शब्द आधी ऐकावा. आणि ज्यांना परवडते त्यांनी शेजारच्या एका गरीब घराचा अर्ज भरून द्यायला मदत करावी. पुढील रविवारी मिस्सानंतर वीजबिल सोबत आणावे. आपण मिळून हिशेब करू. ज्यांची ऐपत नाही, त्यांनी लाजू नये. देव ऐपत विचारत नाही. तो मंदिरातील विधवेच्या दोन नाण्यांकडे पाहणारा देव आहे.

हे प्रभो, तू आम्हांला सूर्य फुकट दिलास. त्याचा उजेड घरात आणण्यासाठी लागणारे शहाणपण, एकमेकांवरचा विश्वास आणि मोकळा हात आम्हांला दे. आमच्या दिव्याची किंमत दुसऱ्या कोणाला चुकवावी लागू नये, एवढे आमच्याकडून करून घे. आमेन.