परतीचे दार

मिस्सानंतर आपल्या धर्मग्रामातील एका कबड्डीपटू मुलाने विचारले, “आधी पदवी की लिलाव?” २०१४ मध्ये प्रो कबड्डी लीग सुरू झाली, तेव्हापासून हा प्रश्न गावोगावच्या घरांत शिरला आहे. आपण मोठी माणसे चटकन उत्तर देतो. गुडघा मात्र त्याचा मोडणार असतो!

पंजाबच्या सतनाम सिंगला २०१५ मध्ये अमेरिकेच्या बास्केटबॉल लीगमधील डॅलस मॅव्हरिक्स संघाने ५२व्या क्रमांकावर निवडले. भारतात जन्मलेला असा तो पहिलाच. तरी त्या लीगच्या मुख्य हंगामात एकही सामना त्याच्या वाट्याला आला नाही. तेथील कॉलेजच्या खेळाडूंना निवडीआधी ठरावीक मुदतीत नाव मागे घेऊन पुन्हा वर्गात बसता येते.

मुलाच्या धाडसाला मी लोभ म्हणणार नाही. त्याने जावे. मात्र परीक्षेची फी त्या वर्षीही घरच्यांनी भरून ठेवावी.