प्रभूच्या मेजावर शेजारी कोण?



चर्चमधल्या रविवारच्या उपासनेत प्रभुभोजनाची वेळ आली की बाकांवरची माणसं उठून ओळीनं पुढे येतात. बायका पदर डोक्यावर सारखा करतात. वेदीपुढच्या कठड्याशी गुडघे टेकायचे, डाव्या तळव्यावर उजवा तळवा ठेवून हात पुढे करायचे. हातावर नाण्याएवढी पातळ, जवळजवळ बेचव चकती येते. पाठोपाठ द्राक्षरसाचा प्याला येतो. एकाचा घोट झाला की पाळक पांढऱ्या कापडानं प्याल्याची कड पुसतात, प्याला जरासा फिरवतात आणि शेजारच्याच्या ओठांशी नेतात. हा शेजारचा कोण असेल, हे कुणीच ठरवलेलं नसतं. मुख्याध्यापकांच्या शेजारी त्यांच्याच शाळेचा शिपाई असू शकतो. सुनेच्या शेजारी सासू असू शकते, आणि त्यांचं आदल्या रात्रीच वाजलेलंही असू शकतं.

या विधीचं मूळ येशूच्या शेवटच्या भोजनात आहे. क्रुसावर जाण्याच्या आदल्या रात्री, वल्हांडण या यहुदी सणाच्या दिवसांत, त्यानं शिष्यांसोबत जेवताना भाकर मोडली, प्याला दिला आणि माझ्या आठवणीसाठी हे करत राहा, असं सांगितलं. त्या पंगतीला कोण कोण होतं, ते पाहण्यासारखं आहे. उजाडायच्या आत तीनदा ओळख नाकारणारा पेत्र होता. तीस रुप्यांना गुरूचा सौदा करून आलेला यहूदा होता. शुभवर्तमानकार लूक तर लिहितो की, आपल्यात मोठा कोण यावरून शिष्यांची त्याच मेजावर हुज्जत झाली. दुसरा शुभवर्तमानकार योहान भाकर आणि प्याल्याची गोष्ट तिथं सांगत नाही. तो सांगतो की, येशू जेवणावरून उठला, कमरेला रुमाल बांधला आणि एकेकाचे पाय धुतले.

भाकर आणि द्राक्षरस यांत ख्रिस्त नेमका कसा असतो, यावर ख्रिस्ती लोकांत शतकानुशतकं वाद झाला आहे. मिस्सात, म्हणजे कॅथलिक उपासनेत, अर्पण केलेली भाकर खरोखर ख्रिस्ताचं शरीर होते, ही कॅथलिकांची श्रद्धा. अनेक प्रॉटेस्टंटांसाठी ती त्याच्या बलिदानाची आठवण. १५२९ साली जर्मनीत मारबुर्गला ल्यूथर आणि झ्विंग्ली हे दोन प्रॉटेस्टंट धर्मसुधारक बोलणी करायला बसले. पंधरा मुद्द्यांपैकी चौदांवर जमलं. अडलं ते याच एका मुद्द्यावर. ज्या भोजनानं एकत्र आणायचं, तिथंच वाटा फुटल्या.

मला मात्र त्याहून जुना आणि त्याहून अवघड प्रश्न प्रेषित पौलाच्या पत्रात दिसतो, तो म्हणजे शेजाऱ्याचा. करिंथ शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला पौल इसवी सन ५५च्या सुमाराला लिहितो. तिथं प्रभुभोजन हे पोटभर जेवणच असे. ज्यांच्याकडे होतं ते आपापलं आणून आधीच खाऊन, पिऊन मोकळे होत. ज्यांच्याकडे काही नव्हतं ते उपाशी राहत. सरळ सरळ पंक्तिप्रपंच! पौल त्यांना खडसावतो की, तुम्ही जेवता ते प्रभूचं भोजन नव्हेच. भाकर तीच होती, प्रार्थनाही झाली असेल. पण शेजारचा उपाशी राहिला आणि सगळंच फोल ठरलं.

पुढच्या शतकात, १५०च्या आसपास, रोममध्ये जस्टिन नावाच्या लेखकानं आपल्या लोकांची उपासना नोंदवून ठेवली आहे. जे येऊ शकले नाहीत, त्यांच्या घरी भाकर पोचवली जाई आणि जमलेल्या वर्गणीतून विधवा, अनाथ, आजारी आणि कैदेतले लोक यांची सोय होई. आजही अंथरुणाला खिळलेल्या आजीकडे पाळक प्रभुभोजन घेऊन जातात, ती त्याच जातकुळीची प्रथा.

आपल्या देशात शेजाऱ्याचा हा प्रश्न जातीच्या रूपानं उभा राहिला. तमिळ प्रदेशातल्या काही जुन्या मंडळ्यांत उच्च जातीचे ख्रिस्ती वेगळे बसत आणि भोजनही आधी घेत. १८३३ साली कलकत्त्याचे बिशप डॅनिएल विल्सन यांनी फर्मान काढलं की, चर्चमध्ये जात चालणार नाही. मद्रासच्या वेपेरीत त्यावरून शेकडो माणसं चर्च सोडून गेली. येशूसाठी घरदार सोडायला तयार झालेल्यांना शेजाऱ्याच्या उष्ट्या प्याल्याला ओठ लावणं जड गेलं. ही भानगड तिथंच मिटली, असं कोणी म्हणू नये.

तरी मेज रुंदही होतं. २९ नोव्हेंबर १९७० रोजी आपल्या नागपुरात सहा प्रॉटेस्टंट मंडळ्या एक होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं. बाळाला बाप्तिस्मा देणारे आणि जाणत्या वयातच देणारे, असे दोघंही त्यात आले. वेगवेगळ्या मिशनांनी वाढवलेली मराठी कुटुंबं एका घरची झाली. कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट मात्र आजही एकमेकांच्या वेदीपाशी सहसा प्रसाद घेत नाहीत. तेवढं काम बाकी आहे.

या मेजावर शेजारी टाळता येत नाही, म्हणून बऱ्याच चर्चमध्ये भोजनाच्या आधी माणसं शेजाऱ्याकडे वळून शांती देतात, कुणी हात मिळवतं, कुणी नमस्कार करतं. वेदीपाशी आल्यावर भावाशी बिनसल्याचं आठवलं तर अर्पण तिथंच ठेव, आधी जाऊन समेट कर, ही येशूची शिकवण त्यामागे आहे. देवाशी जवळीक हवी आणि शेजाऱ्याशी अबोला, असं या मेजावर जमत नाही.

श्रोतेहो, धर्म कोणताही असो, आपल्याकडे भांडण टोकाला गेलं की पहिलं तुटतं ते एकमेकांच्या घरचं पाणी. ज्यांच्या घरचं पाणी आपण बंद केलं आहे, असं एखादं घर प्रत्येकाला ठाऊक असतं. आज त्या घरी जा. चहा विचारला, तर नको म्हणू नका.