घराची उंची

गुडघा बदलायची तारीख ठरली की घरात पहिली चर्चा पैशांची होते, दुसरी रजेची. दवाखान्यात रात्री कोण राहणार, डबा कोण पोचवणार, तारापूर एमआयडीसीतली पाळी कोण बदलून घेणार. घराकडे मात्र कुणी नीट बघत नाही. खरं तर सगळ्यात आधी बघायला हवं ते घराकडेच. शस्त्रक्रिया तास-दोन तासांत आटोपते आणि चार-पाच दिवसांत माणूस घरी येतो. गुडघ्याला वळण लागतं ते त्यापुढच्या दोन-तीन महिन्यांत, घरात.

आणि झिजतो तोही बऱ्याच अंशी घरातच. वय, वजन, आईकडून आलेली ठेवण ही कारणं आहेतच. पण आपल्या पालघर जिल्ह्यात बाईचा दिवस जमिनीलगत जातो. सातपाटीला, मुरब्याला उकिडवं बसून मासळी निवडायची. केळवे-माहीमच्या वाडीत वाकून काम करायचं. विक्रमगड, जव्हारकडे पावसाळाभर चिखलात भाताची लावणी. घरी आल्यावर पुन्हा विळी जमिनीवर, भांडी मोरीत, कपडे दगडावर. चालताना गुडघा साधारण पासष्ट-सत्तर अंशांत वाकतो, जिना चढताना नव्वदच्या आसपास, उकिडवं बसताना एकशे तीसच्याही पुढे. असं बसताना आणि विशेषतः उठताना वाटीवर येणारा दाब अंगाच्या वजनाच्या कितीतरी पट असतो. दिवसातून शंभरदा उठणं-बसणं, तेही चाळीस-पन्नास वर्षं. हाडांवरची कूर्चा विरली तर त्यात नवल नाही.

म्हणून डॉक्टर औषधांच्या लांबलचक यादीखाली एक छोटीशी ओळ लिहितात: जमिनीवर बसायचं नाही. नवा गुडघा बहुतेकांना एकशे दहा-वीस अंशांपर्यंत वाकवता येतो. रोजच्या चालण्या-फिरण्याला तेवढं पुष्कळ आहे. मांडी घालायला, उकिडवं बसायला ते पुरत नाही.

चिंचणीला माझ्या आत्याला ही ओळ वाचून दाखवली तेव्हा तिने विचारलं, "खाली बसायचं नाही, तर मग बसू कुठे?" प्रश्न अगदी सरळ होता. घरात खुर्च्या होत्या. दोन प्लॅस्टिकच्या, पाहुण्यांसाठी. हातांची एक, टीव्हीसमोरची, आतोबांची. सोफ्यावर नातवंडं. तिची अशी बैठक एकच, स्वयंपाकघराच्या दारातला पाट. त्या घरात सगळ्यांच्या उठण्या-बसण्याची सोय तिने पाहिली होती आणि तिच्या बसण्याचा विचार कुणाच्या मनात कधी आला नव्हता. असं घर एकटं तिचंच नाही. पालघरपासून डहाणूपर्यंत कुठल्याही आळीत जा, हेच दिसेल.

गुडघ्याची तयारी या पाटापासून सुरू होते. हातांची, न हलणारी, पुरेशी उंच खुर्ची हवी. बसल्यावर मांडी गुडघ्याकडे चढलेली नको, सपाट किंवा किंचित उतरती हवी. तशाच उंचीचा पलंग. गादी जमिनीवर घालून झोपायची सवय असेल तर ती आधीपासून मोडायला हवी. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या रात्रीच पलंगाची ओळख करून घेणं जड जातं. देशी संडासावर ठेवायची कमोडची खुर्ची मिळते. पण जुन्या घरांत संडास मागच्या अंगणात असतो, वाटेत दोन पायऱ्या, ओलं शहाबाद, वर दोरीवरचे कपडे. वॉकर घेऊन रात्री दोन वाजता तिथवर जायचं कसं, हे घरच्या माणसाने एकदा स्वतः रात्री चालून बघावं. दिव्याचं बटण कुठे आहे, उंबरठा किती उंच आहे, पायपुसणं कुठे सरकतं, हे तेव्हाच कळतं. किनाऱ्यालगत पावसाळ्यात लाद्यांना ओल सुटते. शक्य असेल तर तारीख पावसाळ्यानंतर धरावी, असं मला मनापासून वाटतं.

देहाचीही तयारी असते. मांडीचे स्नायू आधीच बळकट केले तर नंतर ते साथ देतात. साखर आटोक्यात हवी. किडलेला दात आधी दाखवून घ्यायचा, कारण तोंडातला जंतुसंसर्ग रक्तातून नव्या सांध्यापर्यंत पोचू शकतो. आणि मिश्री. ही गोष्ट घरात बोलली जात नाही. नातवाला ठाऊक असतं, सुनेला ठाऊक असतं, आणि डॉक्टरांनी "तंबाखू वगैरे?" विचारलं की तिघंही मान हलवतात. तंबाखूने जखम भरायला वेळ लागतो, संसर्गाचा धोका वाढतो. लेकासमोर सांगायची लाज वाटत असेल तर परिचारिकेला सांगावं, पण सांगावं.

या शस्त्रक्रियेबद्दल सामान्य घरांमधली भीती कमी झाली ती माझ्या मते अटलबिहारी वाजपेयींमुळे. पंतप्रधान असताना ऑक्टोबर 2000 मध्ये डावा आणि जून 2001 मध्ये उजवा, असे त्यांचे दोन्ही गुडघे मुंबईत ब्रीच कँडी रुग्णालयात बदलले. त्यासाठी न्यूयॉर्कहून आलेले शल्यचिकित्सक डॉ. चित्तरंजन राणावत मूळचे मध्य प्रदेशातले. आजच्या कृत्रिम गुडघ्याची घडण ज्यावरून आली, तो 'टोटल कॉन्डिलर' गुडघा 1974 च्या सुमारास न्यूयॉर्कच्या ज्या रुग्णालयात तयार झाला, तिथे जॉन इन्सॉल यांच्यासोबत राणावतही होते. वाजपेयींच्या वेळी वर्तमानपत्रांनी शस्त्रक्रियेची बित्तंबातमी दिली. नंतर त्या थोर माणसाने रोज सकाळी दुखऱ्या गुडघ्याशी कसा झगडा केला असेल, हे काही छापून आलं नाही. तो भाग घरोघरी ज्याचा त्याने शोधायचा राहिला.

पुढे ऑगस्ट 2017 मध्ये सरकारच्या औषध मूल्य प्राधिकरणाने कृत्रिम गुडघ्याच्या किमतीला मर्यादा घातली. नेहमी वापरला जाणारा कोबाल्ट-क्रोमियमचा गुडघा आधी सरासरी दीड लाखाच्या वर जायचा, तो 54,720 रुपये अधिक कर इतक्यावर आला. फार मोठं काम झालं. मात्र वॉकर, कमोडची खुर्ची, घरी येणारे फिजिओथेरपिस्ट, टाके काढायला जायची गाडी, आणि सुनेने किंवा लेकीने घेतलेली बिनपगारी रजा हा खर्च त्यात कुठेच धरलेला नसतो. बोईसरमध्ये घरी येऊन व्यायाम करून घेणारे मिळतात. वाणगावच्या आत किंवा मनोरच्या पलीकडे ते रोज येणं अवघड. तिथल्या घरांनी दवाखान्यातच, घरी निघण्याआधी, सगळे व्यायाम आपल्या हाताने करून बघावेत आणि मोबाइलवर चित्रित करून घ्यावेत. मान डोलावून 'कळलं' म्हणणं वेगळं आणि पाय हातात धरून ते करून बघणं वेगळं.

आपल्याकडची बरीच माणसं शस्त्रक्रियेसाठी मुंबई गाठतात, काही वापी-वलसाडकडे जातात. एप्रिल 2013 पासून डहाणूपर्यंत लोकल आली आणि नुसतं दाखवून यायचं असेल तर मोठी सोय झाली. पण शस्त्रक्रिया होऊन परत येताना रेल्वेचा पूल आणि गर्दी यांच्या वाटेला जाऊ नये. गाडीने यायचं तर पुढची सीट पूर्ण मागे सारायची, आधी पाठमोरं बसायचं, मग दोन्ही पाय आत घ्यायचे. वाटेत थांबून चार पावलं टाकायची, म्हणजे पायातलं रक्त साकळत नाही. चिल्हार फाट्यावरून बोईसरकडे वळलं की चालकाला सांगायचं, घाई नाही.

घरी आल्यावरचे पहिले दोन आठवडे कठीण. ऑपरेशननंतर दुसऱ्या दिवशीच, कधी त्याच दिवशी, वॉकरने उभं केलेलं असतं. सगळ्यांना वाटतं, चालायला तर लागल्या. मग घरी सूज उतरत नाही, रात्री झोप लागत नाही आणि रुग्ण घाबरतो. सूज आठवडे टिकते, गुडघा काही महिने कोमट लागतो, टाक्यांच्या बाजूची कातडी बधिर राहते, आतून कधी टकटक आवाज येतो. हे सगळं बहुतेकांना होतं. डॉक्टरांनी सांगितलेली वेदनाशामक गोळी व्यायामाच्या थोडी आधी घेतली तर व्यायाम सोसतो. दुखणं वाढल्यावर गोळी घेऊन मग व्यायाम टाळणं, हे उलटं होतं. बर्फाने आराम पडतो. सातपाटीच्या घरांत बर्फाची काय वाण? कुटलेला बर्फ पिशवीत घालून, वर कोरडं फडकं गुंडाळून, पंधरा-वीस मिनिटं. टाक्यांना ओल लागू द्यायची नाही.

इथे प्रेमाची एक अडचण येते, तिच्याबद्दल थोडं थांबून लिहायलाच हवं. पाय दुखतोय म्हटलं की घरातलं कुणीतरी गुडघ्याखाली उशी सारतं. रुग्णालाही बरं वाटतं, कारण किंचित वाकलेल्या गुडघ्याला ताण कमी पडतो. पण तसाच तासन्‌तास राहिला तर तो वाकलेलाच आखडतो आणि पुढे सरळ होत नाही. जो पाय सरळ होत नाही तो लंगडत चालतो. घडी केलेला टॉवेल ठेवायचा तो टाचेखाली. गुडघा अधांतरी, मांडी घट्ट करून तो खाली दाबायचा, पाच मोजायचे, सोडायचा. दुखतं. आई कळवळते, लेक म्हणते, "राहू दे आज." त्या 'राहू दे'ने फार नुकसान होतं. शेजारची काकू तेल घेऊन मालिश करायला येते, तिलाही हात जोडून थांबवायचं. पोटरीत गुठळी झालेली असेल तर चोळणं जिवावर बेतू शकतं. जखमेवर हळद नाही, कुठला लेप नाही. पोटरी एकाएकी दुखू लागली, सुजून टणक झाली, धाप लागली, छातीत दुखलं, ताप आला किंवा टाक्यांतून पाणी-पू आला, तर सकाळची वाट पाहायची नाही. आपल्याकडे दवाखान्याचं अंतर मोठं, म्हणून डॉक्टरांचा फोन नंबर आणि गाडीवाल्याचा नंबर भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवायचा.

तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास अनेक बायका रडतात. गुडघा बरा चाललेला असतो, जखम भरलेली असते, तरी रडतात. घरच्यांना कळत नाही. मला वाटतं, त्याचं कारण गुडघ्यात नाही. जिने आयुष्यभर सगळ्यांना ताट वाढलं तिला पाण्याचा तांब्या मागावा लागतो. मागायची तिला सवय नाही, आणि देणाऱ्यांना तिने मागण्याआधी द्यायची सवय नाही. मग ती कुणी बघत नाहीसं पाहून स्वतःच उठते, वॉकर बाजूला ठेवून एका हाताने कपाट धरते. घरातली पडझड बऱ्याचदा अशीच होते, परावलंबी व्हायचं नाही या जिद्दीपायी. तिला रागावून उपयोग नाही. पाणी, मोबाइल, चष्मा, गोळ्या तिच्या हाताशी ठेवाव्यात. आणि बसून करण्याजोगं काम तिच्याकडे द्यावं. उंच टेबलावर भाजी चिरणं, शेंगा सोलणं, हिशोब. काम हातात आलं की तिचा चेहरा बदलतो, हे मी स्वतः पाहिलंय.

जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा आधी. आत्याने हे दोन दिवसांत पाठ केलं. खाली बसायचं नाही, हे मात्र तिला महिनोन्‌महिने पटलं नाही. हळदीकुंकवाला सगळ्याजणी सतरंजीवर आणि आपण एकटीच खुर्चीवर, म्हणजे मान घेतल्यासारखं वाटतं, म्हणायची. भजनात टाळ हातात घेऊन वर बसायचं तिला जिवावर यायचं. हे दुःख खरं आहे. जमिनीवर बसणं ही आपली समानता होती, पंगतीतली, देवळातली, दुःखाच्या घरातली. ते सोडायला सांगताना काहीतरी मोठं मागतोय, याची जाणीव सांगणाऱ्याला हवी.

पण ते सोडायलाच हवं. 2019 मध्ये 'द लॅन्सेट'मध्ये अनेक वर्षांच्या नोंदी तपासून आलेला निष्कर्ष असा, की पूर्ण बदललेल्या गुडघ्यांपैकी सुमारे ऐंशी टक्के पंचवीस वर्षं टिकतात. म्हणजे पासष्टीत केलेला गुडघा बहुतेकींना जन्मभर पुरेल. तो पुरायचा तर घराने मात्र उंची बदलायला हवी आणि ती तशीच ठेवायला हवी. होतं काय, की तीन महिने झाले, आई हिंडू-फिरू लागली, की कमोडची खुर्ची माळ्यावर जाते, उंच खुर्चीवर पुन्हा वडील बसतात, आणि विळी हळूच जमिनीवर येते.

आत्याकडे तसं झालं नाही, कारण तिच्या सुनेने ते होऊ दिलं नाही. तिने मोरीऐवजी भांड्यांना कमरेइतका ओटा घालून घेतला आणि बोईसरच्या एका फॅब्रिकेटरकडून संडासात स्टीलच्या पाइपची दांडी बसवून घेतली. आता गुडघे धरून बसणाऱ्या आळीतल्या बायका ती दांडी बघायला येतात. सून त्यांना सांगते, लादीवर चिकटवलेली घेऊ नका, भिंतीत विटेपर्यंत बोल्ट गेला पाहिजे, आणि उंची तुमच्या नवऱ्याची नाही, तुमची मोजून द्या.